निळ्या गराजवाल्यांची धाकटी

अहो, ऐकलंत का? कोर्टातलं? या अशा फेन्सपाशी. पाइप राहू दे तिथंच, टोमॅटो एवढ्यात काही मरत नाहीत. निळ्या गराजवाल्यांच्या धाकटीनं म्हणे कोर्टात कुणाला तरी पाहिलं. आपल्यातल्याच कुणाला तरी. जज्जसमोर! आणि पोर नाव सांगायला तयार नाही. मला अर्थात कळलंय, पण… सांगते, सांगते. आधी मागचं सगळं ठाऊक हवं, नाहीतर त्यात मजा नाही.

ती कम्युनिटी कॉलेजात गेली हे तर अख्ख्या एडिसनला माहीत आहे. पण गेल्या वर्षी काय काय उठलं होतं, आठवतंय? ओक ट्री रोडवर भेंडी निवडता निवडता मी ऐकलं, की ती पोलिसांत भरती झाली, कमरेला पिस्तूल वगैरे. योगाच्या क्लासात ऐकलं, की रटगर्सनं तिला घेतलंच नाही. दोन्ही खोटं. मला तिच्या आईनंच सांगितलं, गाडीतून तांदळाची पोती उतरवताना, म्हणजे मधे कुणी नाही. रटगर्समध्ये मिळाली होती अ‍ॅडमिशन. पोरीनंच नको म्हटलं आणि आपल्या वुडब्रिज अ‍ॅव्हेन्यूवरच्या मिडलसेक्स कॉलेजात नाव घातलं. विषय क्रिमिनल जस्टिस. आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणताना वहिनींचा आवाज असा खाली गेला, की पूर्वी घरात कुणाला टीबी झाला की बायका सांगायच्या ना, तस्सा. आजूबाजूला बघून. अहो, ड्राइव्हवेत मी सोडून कोण होतं?

मग ती ग्रॅज्युएशनची पार्टी. तुम्ही त्या वेळी इंडियात होतात, मोठ्ठं हुकलं तुमचं. बॅकयार्डात पाणीपुरीचा काउंटर, केक, सगळं. आणि कॉर्नेलच्या वहिनी आल्या. म्हणजे त्यांचा मुलगा कॉर्नेलला आहे. हे ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस न्यू जर्सीत सापडायचा नाही. त्यांनी विचारलं, “मग बाळा, कुठे?” वडिलांनी लगेच खिशातून फोन काढला आणि त्यात काहीतरी फार महत्त्वाचं वाचायला लागले. पोरगी मात्र सरळ: “मिडलसेक्स. क्रिमिनल जस्टिस.”

शांतता.

“अगं, पण तुझे मार्क तर छान होते ना?” कॉर्नेलच्या वहिनी म्हणाल्या. ‘होते’ हं.

“अजून आहेत, काकू.”

मी पाणीपुरी तोंडात घातलेली, हसताही येईना! आणि मग आपले ते… ते हो, मंडळात प्रत्येक समारंभाला माइक धरणारे. त्यांनी तर भाषणच ठोकलं. मुलीच्या जातीनं चोराचिलटांत कशाला जायचं, इंजिनिअरिंग आहे, फार्मसी आहे, आपल्या लोकांत हे कुणी करत नाही… पुढं महत्त्वाचे आहेत ते. लक्षात ठेवा यांना.

पोरीनं काय केलं, शांतपणे पैशांचं सांगितलं. वर्गातल्या पहिल्या पंधरा टक्क्यांत आली होती ती. अशा मुलांना आपल्या राज्यात एनजे स्टार्स म्हणून स्कॉलरशिप आहे, काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ. माफ म्हणजे माफ! फी आणि पुस्तकं तेवढी भरायची. तशीही तिथली ट्यूशन रटगर्सच्या निम्म्याहून कमी. दोन वर्षांत साठ क्रेडिट झाले, की असोसिएट डिग्री. आणि 2007 साली केलेला कायदाच आहे, लॅम्पिट लॉ म्हणतात त्याला, की काउंटी कॉलेजातून ए.ए. किंवा ए.एस. डिग्री घेऊन आलेल्या मुलांचे क्रेडिट राज्याच्या सरकारी विद्यापीठांनी धरायचेच. म्हणजे तिसऱ्या वर्षी ही रटगर्सलाच जाणार आणि शेवटी डिग्रीवर नाव रटगर्सचंच येणार! पुढे 3.25 जीपीए ठेवला, की दुसऱ्या टप्प्याची स्कॉलरशिप वेगळी. कॉर्नेलचे भाऊजी आकडेमोड करायला लागले. अहो, हातात पुरी तशीच धरलेली, पाणी गळतंय शर्टावर, माणसाला पत्ता नाही. वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं…

हां, एक मात्र आहे. ए.एस. म्हणजे ए.एस.च. ए.ए.एस. नावाची एक निराळी असते, दोन वर्षांत थेट नोकरीला लागायचंय त्यांच्यासाठी. तिला तो कायदा लागू नाही, क्रेडिट धरायचे की नाहीत ते विद्यापीठाच्या मर्जीवर. माझ्या मैत्रिणीच्या भाच्याचं तसंच झालं, एक अक्षर जास्तीचं आणि वर्ष वाया. तुमच्या चिरंजीवांचं अकरावीचं वर्ष ना यंदा? म्हणून आपलं सांगून ठेवते.

तर काय सांगत होते… हां, कोर्ट. पण कोर्टाच्या आधी आजोबा.

तिचे आजोबा आलेत ना साताऱ्याहून, सहा महिन्यांसाठी. रिटायर्ड फौजदार. अर्धं आयुष्य कराड, फलटण, वाईच्या ठाण्यांत गेलेलं. मुलगा आयटीत, सून फार्मात, त्यांच्या नोकरीतलं ह्यांना ओ की ठो कळत नाही. आणि नातीच्या पुस्तकात निघाले पोलीस, कोर्ट, तुरुंग! पहिल्याच धड्यात म्हणे हेच तीन: पोलीस, न्यायालय आणि करेक्शन्स. म्हातारा खुशीत. रोज रात्री जेवणं झाली, की डायनिंग टेबलावर दोघांची जुंपते. मी विरजण मागायला जाते तेव्हा हमखास चालू असतं. नाही, नाही, विरजण खरंच लागतं हो मला.

एकदा ती मिरांडा वाचत होती. ते नाही का, पिक्चरमध्ये बेड्या घालताना घडाघडा म्हणतात, तुला गप्प बसायचा हक्क आहे म्हणून. आजोबा म्हणाले, “म्हणजे आरोपीला आपण होऊन सांगायचं, की बाबा रे, बोलू नकोस?” ती म्हणाली, “हो, आणि वकील परवडत नसला तर सरकार देईल, हेही सांगायचं.” आजोबा इतके हसले की ठसका लागला, सुनेनं पाणी आणून दिलं. मग तिनं विचारलं, “तुमच्याकडे काय करतात?” तर आजोबा एकदम ताठ बसले. म्हणाले, “आमच्याकडे पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालतच नाही. 1872 च्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं इंग्रजांनी. त्याच्या सांगण्यावरून मुद्देमाल निघाला, तर तेवढ्यापुरतं धरतात. बाकी शून्य.”

आता तोंड उघडं पडायची पाळी नातीची! कारण इथं पोलिसासमोर बोललेलं कोर्टात उभं राहतं, म्हणून तर आधी बजावायचं. हे तिच्या प्रोफेसरांनाही सांगितलं तिनं, आणि त्यांनी वर्गात सगळ्यांना सांगितलं. आजोबांनी ही बातमी साताऱ्याला फोन करकरून कळवली. “अमेरिकेच्या कॉलेजात माझा दाखला देतात,” म्हणे.

पण त्या मिरांडाचं पुढे काय झालं, माहितीये? मला वाटायचं कुणी बाई असेल. बाप्या निघाला, अर्नेस्टो मिरांडा, अ‍ॅरिझोनातला. पोलिसांनी हक्क सांगितलेच नव्हते, म्हणून 1966 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याची शिक्षा रद्द केली. मला वाटलं, सुटला. कसला सुटतोय! पुन्हा खटला भरला आणि कबुलीजबाबाशिवाय पुन्हा दोषी. पॅरोलवर बाहेर आल्यावर हा पठ्ठ्या काय करायचा, तर पोलीस खिशात ठेवतात ना ती हक्कांची कार्डं, त्यांच्यावर स्वतःची सही करून विकायचा. दीड डॉलरला एक! आणि 1976 मध्ये बारमध्ये पत्त्यांवरून मारामारी झाली, त्यात भोसकून मेला. संशयिताला पकडलं आणि पोलिसांनी पहिल्यांदा काय वाचून दाखवलं असेल? तेच कार्ड! बाई गं, अंगावर काटा आला माझ्या. नुसतं विरजण न्यायला गेलेले, दोन तास बसले.

दुसरा तो गिडियन. फ्लोरिडातला फाटका माणूस, पूल खेळायच्या अड्ड्यात घुसून चिल्लर आणि दारूच्या बाटल्या उचलल्या असा आळ. वकील मागितला तर जज्ज म्हणाले, फाशीचा गुन्हा नाही, तुला नाही मिळत. तुरुंगात बसून त्यानं पेन्सिलीनं थेट सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. पेन्सिलीनं हो! आणि 1963 मध्ये कोर्टानं सांगितलं, की गंभीर गुन्ह्यात गरिबाला सरकारनं वकील द्यायलाच हवा. वकील मिळाल्यावर पुन्हा खटला चालला, आणि ज्युरीनं सोडला त्याला. हे ऐकून आजोबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “असे अर्ज आमच्याकडेही यायचे.” पुढे काय व्हायचं त्यांचं, ते काही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

जामिनावरून तर खरं भांडणच झालं. आपल्या न्यू जर्सीत 1 जानेवारी 2017 पासून पैशांचा जामीन जवळजवळ गेलाच. जज्ज माणसाचा जुना रेकॉर्ड बघतात, पळेल का, धोका आहे का ते पाहतात, एक गुणांकनाचा तक्ता असतो, आणि त्यावर ठरवतात. आजोबा म्हणाले, “मग जामीनदार? सातबारा कोण आणतो?” कुणीच नाही! त्यांना पटेचना. सातबाऱ्याशिवाय माणूस सोडायचा म्हणजे काय! तेव्हा नातीनं सांगितलं, 2013 साली पाहणी झाली होती, इथल्या तुरुंगांतली शंभरातली बारा माणसं केवळ अडीच हजार डॉलर किंवा त्याहूनही कमी भरता येत नाहीत म्हणून आत पडली होती. आजोबा हळूच म्हणाले, “ज्याला सातबारा नाही, तो आमच्याकडेही आतच राहतो.” आणि उठून झोपायला गेले.

ज्युरीचं निघालं तेव्हा आजी पुढे सरसावल्या. एरवी त्यांना यात रस नाही, पण नानावटी म्हटल्यावर! नौदलाचा कमांडर, 1959 साली मुंबईत बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, आणि हायकोर्टानं तो निकाल उलटवून जन्मठेप दिली. आजी तेव्हा परकरी पोर, पण घरातली मोठी माणसं त्यावरून कशी भांडायची ते सगळं पाठ. “दिसायला राजबिंडा होता, म्हणून सुटला आधी,” हा आजींचा निवाडा. आपल्याकडची ज्युरी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं पार निकालात निघाली, इथं मात्र बारा जण अजून बसतात. आमच्या ह्यांना नाही का बोलावणं आलं होतं? दिवसभर बसवून घरी पाठवलं, निवडलंच नाही. आजोबा म्हणाले, बरं झालं. का म्हणाले कुणास ठाऊक.

तर काय सांगत होते… आता कोर्ट. बसताय का? खुर्ची आणा हवी तर.

तिला असाइनमेंट होती, कोर्टाचं कामकाज बघायचं आणि लिहायचं. मोठं कोर्ट न्यू ब्रन्सविकला, तिथं ती जाऊन आली. पण म्युनिसिपल कोर्ट म्हणजे वाहतुकीची तिकिटं, किरकोळ मारामाऱ्या. ते हल्ली बरंचसं झूमवर चालतं. ओपन कोर्ट, कुणीही बघावं. ही डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून लिहीत बसलेली. मागून वहिनी चहा घेऊन आल्या. आणि स्क्रीनवरच्या एका चौकोनात… टाय लावलेला चेहरा. मागच्या भिंतीवर, अहो, आपल्या मंडळानं गणेशोत्सवात वाटलेलं घड्याळ!

वहिनींच्या हातून कप सुटता सुटता राहिला. “अगं, हे तर आपले…” पोरीनं पटकन लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे केलं. “आई, लॉप्रमाणे तू बघू शकतेस. पण मी बोलणार नाही, आणि तूही नाही.”

वहिनी नाहीच बोलल्या. त्यांनी फक्त घड्याळाचं सांगितलं मला.

योगाच्या क्लासात लगेच सुरू, की दारू पिऊन गाडी चालवली. खोटं! मी तिथल्या तिथं थांबवलं त्यांना. (आणि ऐका, न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणं हा कायद्यानं ‘क्राइम’ धरतच नाहीत, वाहतुकीचाच गुन्हा तो. लायसन्स जातं, दंड होतो, तुरुंगही होऊ शकतो, पण ज्युरी मिळत नाही. पोरीनंच सांगितलं. मला तर हे फारच विचित्र वाटतं.) यांचं होतं फोनचं. गाडी चालवताना हातात फोन. आणि एकदा नाही, तिसऱ्यांदा! तिसऱ्यांदा म्हणजे सहाशे ते आठशे डॉलर, तीन पॉइंट आणि नव्वद दिवसांपर्यंत लायसन्सवर गदा येऊ शकते. हे मी घरी येऊन शोधून काढलं. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: गेला महिनाभर कुठेही जायचं तर गाडी त्यांच्या वहिनीच का चालवतात! “ह्यांची पाठ धरलीय,” म्हणत होत्या. पाठ!

कोण ते कळलं ना? माइकवाले. चोराचिलटांत कशाला जायचं म्हणणारे.

मागच्या रविवारी पॉटलकला दोघंही होते. मी मुद्दाम श्रीखंडाच्या पातेल्याजवळ उभी राहिले, तिथून सगळं दिसतं. धाकटी वाटी घ्यायला आली. माइकवाल्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? आपले नेहमीच्या थाटात, “काय गं, कसं चाललंय तुझं कॉलेज?”

“छान, काका. कोर्ट ऑब्झर्वेशन झालं. झूमवर.”

बास. एवढंच. वर हसून श्रीखंड घेऊन गेली पोर. अहो, तो चेहरा! आधी पांढरा, मग लाल, मग ह्या कानापासून त्या कानापर्यंत हसू. “व्हेरी गुड, व्हेरी गुड, चांगलं फील्ड आहे.” मी तुम्हाला सांगते, फोटो काढायला हवा होता.

आणि तिथंच कुणीतरी परत सुरू केलं, की चांगलं असेल, पण आपली मुलगी पोलिसांत म्हणजे… तेव्हा माई बोलल्या. त्या कधी बोलत नाहीत हो, सत्तरच्या दशकात आलेल्या, ऐंशी उलटलेली बाई. म्हणाल्या, 1987 साली आम्ही जर्सी सिटीत राहत होतो. ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारी टोळकी फिरायची, कपाळावर टिकली दिसली की शिव्या, दगड. होबोकनमध्ये नवरोज मोदी नावाच्या पोराला मारमारून ठार केलं. मी टिकली पर्समध्ये ठेवायचे, देवळात गेल्यावर लावायचे. आणि ठाण्यावर तक्रार करायला गेलो, तर समोर बसलेल्या एकालाही आपलं नाव नीट उच्चारता येत नव्हतं. “तेव्हा तिथं आपलं एखादं पोर असतं…” एवढं म्हणाल्या आणि वाटी घेऊन बसल्या. कुणाला काही सुचेना. कॉर्नेलच्या वहिनींनी उगाच टिश्यू शोधला.

मीच मग म्हटलं, अहो, 2018 ते 2021 राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल कोण होते? गुरबीर ग्रेवाल, पगडीवाले! सगळ्या राज्याच्या पोलिसांवर त्यांचा हुकूम. आपल्या लोकांत कुणी करत नाही म्हणे!

खरं तर धाकटीला पोलीस व्हायचंच नाहीये. ते कुणी विचारलंच नाही तिला, वर्षभर आपण सगळे पिस्तुलातच अडकलो. तिला लहान वयातल्या मुलांची प्रोबेशन ऑफिसर व्हायचंय. प्रोबेशन म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवायचं. पॅरोल म्हणजे तुरुंगातून मुदतीआधी सुटलेल्याची देखरेख. आपल्या राज्यात प्रोबेशनचं खातं कोर्टाच्या हाताखाली आणि पॅरोलचं बोर्ड वेगळं. प्रोबेशनला चार वर्षांची डिग्री लागते, म्हणून पुढे रटगर्स नेवार्क, तिथं क्रिमिनल जस्टिसचं स्वतंत्र स्कूलच आहे. सगळा हिशेब करून बसलीय पोर. हे डोक्यात आलं कुठून, तर वर्गात तिच्या शेजारी एक बाई बसते, काउंटीच्या तुरुंगात रात्रपाळी करून तशीच युनिफॉर्मात वर्गात येते. तिनं सांगितलं, आत येणारी निम्मी पोरं मी आधीही पाहिलेली असतात, कुणीतरी त्यांना आधीच धरायला हवं होतं. कॉर्नेलमध्ये अशी बाई शेजारी बसली असती का? मी आपलं विचारतेय हो, टोमणा नाही.

असो, कुकर लावायचाय मला. शुक्रवारी त्यांच्याकडे जिवतीचं हळदीकुंकू आहे, याल ना? तिथं ‘कम्युनिटी कॉलेज’ मोठ्यानं म्हणा, वहिनींना बरं वाटेल. चिरंजीवांची रँक पंधरा टक्क्यांत बसते का ते शाळेत विचारून ठेवा, आणि ए.एस. हं, ए.ए.एस. नव्हे. आणि भाऊजींना सांगा, रूट 27 वर गाडी चालवताना फोन खाली ठेवा म्हणावं. धाकटी पुढच्या सेमिस्टरलाही कोर्टात बसणार आहे.